अळीच्या पोटातला पाक

ये गो, इकडे ये, जवळ बस. एक पाय उंबऱ्यात नि एक पाय गाडीत ठेवून असलं काही विचारायचं असतं का? गेल्या लग्नसराईत आलीस, अंगावर ती मोरपिशी रेशमी साडी, नवरा खाली रस्त्यावर हॉर्न वाजवतोय, आणि तू मला विचारतेस, "मामी, ते किडे रेशीम थुंकतात ना?" आणि उत्तर ऐकायला थांबली पण नाहीस! पाण्याचा तांब्या माझ्या हातात तसाच राहिला. थुंकतात म्हणे! बारा-पंधरा वर्षं शाळा-कॉलेजात घालवलीस ना बाई?

फोनवर सांगायला गेले तर तू म्हणणार, "मामी, नंतर करते." म्हणून लिहितेच आता. शाळा माझी शेणव्याला माहेरी असताना चौथीत सुटली, पुढचं सगळं हाताला लागेल ते वाचून शिकले. बोलते तसंच लिहिते. शुद्धलेखन तपासू नकोस, गोष्ट वाच.

आधी एक सांगते, किडे म्हणायचं नाही. आमच्या सूनबाईला राग येतो. अळ्या म्हणायचं.

तुला ठाऊकच आहे, आमची सून मुरबाडला कंपनीत पॅकिंगला जायची. सकाळी अंधारात डबा घेऊन निघायची, दिवे लागल्यावर यायची. पगार वेळेवर यायचा, तक्रार काही नव्हती. पण तिचा जीव शेतात. सुट्टीच्या दिवशी आराम करायचा सोडून ही बांधावर उभी. एकदा शहापूरला रेशीमशेतीच्या शिबिराला जाऊन आली आणि तिच्या डोक्यात तुती बसली. वरकस जमिनीच्या तुकड्यावर, जिथे नागलीसुद्धा नाखुशीने यायची, तिथे तिने तुती लावली. शेळ्यांची शेड धुऊन, चुना मारून अळ्यांसाठी केली. कंपनीतून मोठी रजा घेतली. माझा मुलगा म्हणाला, "बघ करून. जमलं तर राहा घरी. नाय जमलं तर आहेच आपली कंपनी."

पहिली खेप गेली. का गेली ते ऐक, म्हणजे पुढचं कळेल. अळ्या चांगल्या बोटाएवढ्या झालेल्या. आमचे म्हातारे, म्हणजे तुझे मामा, रोज संध्याकाळी शेडच्या दारात उभे राहून बघायचे. तुला माहीत आहे ना, गोठ्यात बैलांना चिलटं लागू नयेत म्हणून आपण घमेल्यात गोवरी पेटवून वर कडुलिंबाचा पाला टाकतो, धुरी करतो? म्हाताऱ्यांना वाटलं, या बिचाऱ्यांना तर शेपटीसुद्धा नाही चिलटं हाकायला. केली धुरी. प्रेमानं केली. दार ओढून घेतलं, म्हणजे धूर चांगला मुरावा! सकाळी बघतो तर अळ्या माना टाकून, तोंडातून हिरवं पाणी.

"मी तर माया केली," म्हातारे म्हणाले.

सुनेने सगळं भरलं, खड्डा खणून पुरलं, आणि शेड पुन्हा धुवायला घेतली. कंपनीवाल्यांचा निरोप आला की पुढच्या महिन्यात या, नाहीतर तुमच्या जागेवर दुसरी बाई घेतो. म्हणजे आता एकच खेप तिच्या हातात होती. ही बसली तर तुती राहणार. गेली तर शेडमध्ये परत शेळ्या नि ही परत सकाळच्या अंधारात डबा घेऊन रस्त्याला.

दुसऱ्या खेपेला घरात कायदे लागले. बिडी नाही. उदबत्ती नाही. मच्छरची कॉईल नाही. मिरचीची फोडणी द्यायची तर मागच्या अंगणातल्या चुलीवर, तीसुद्धा वारा बघून. म्हातारे बिडी ओढायला पार ओढ्यापलीकडे जायचे आणि येताना हात-तोंड धुऊन यायचे, जसे काही मयतावरून आलेत.

अळ्या खातात किती म्हणशील! चार वेळा झोपतात, कात टाकतात, आणि शेवटच्या कातीनंतर जी भूक लागते ती भस्म्या रोगच. टोपल्यामागून टोपल्या पाला. कान लावून ऐकलं तर सुक्या पानांवरून शेळ्यांचा कळप चालल्यासारखं ऐकू येतं.

म्हाताऱ्यांना एक शंका होती. "सूनबाई, पाला खातात हिरवा. मग धागा पांढरा कसा?"

"आबा, शेळी पाला खाते. दूध हिरवं येतं काय?"

म्हातारे हसले. "बरोबर हाय. पण शेळीला कास असते."

"यांना पण असते. पोटाच्या आत."

मग तिने जमिनीवर काडीने काढून दाखवलं. अळीच्या आत, आतड्याच्या दोन्ही अंगांना, एकेक लांब नळी असते. कासच समज. सरळ केली तर अळीपेक्षा कितीतरी लांब भरेल, म्हणून आत घड्या घालून ठेवलेली. पाला जातो आतड्यात, त्याचा रस जातो रक्तात, आणि रक्तातून ही नळी आपल्याला हवं ते ओढून घेते. आतड्याचा नि रेशमाचा थेट रस्ताच नाही. नळीचं मागचं टोक बारीक, वळ्यावळ्यांचं, रेशीम तयार होतं ते तिथे. मग ते पुढे सरकतं मधल्या जाड भागात. ती कोठी. तिथे ते साठून राहतं, आणि तिथेच त्याच्यावर डिंकासारखा चिकट थर चढतो. पुढे नळी केसाएवढी बारीक होते, दोन्ही बाजूंच्या नळ्या तोंडाजवळ एकमेकींना मिळतात, आणि खालच्या ओठाला एवढंसं भोक असतं. बाहेर जो एक धागा दिसतो ना, तो असतो दोन धाग्यांचा, डिंकानं चिकटलेला.

"आणि कोठीत ते घट्ट नाय होत?" मी विचारलं.

"नाय ना आई. तिथे पातळच. दाट, पण पातळ. धागा होतो तो निघताना."

हे मला तेव्हा कळलं असं नाही. मान हलवली एवढंच.

मग एका सकाळी अळ्यांनी खाणं सोडलं. पाला टाकला तर तोंड फिरवलं. मला वाटलं, ही पण खेप गेली, पण सून खुशीत. "पिकल्या, आई!" हातात घेऊन उजेडात धरली तर आरपार दिसायला लागलेली, साल काढलेल्या ताडगोळ्यासारखी. पोट रिकामं करून टाकलेलं, आत नुसतं रेशीम. मान वर करून इकडे तिकडे चाचपत होती, जागा शोधत होती. मग आम्ही सगळे लागलो वेचायला. पिकलेली अळी उचलायची आणि चंद्रिकेवर ठेवायची. चंद्रिका म्हणजे बांबूची मोठी चटई, तिच्यावर बांबूचीच पट्टी गोल गोल फिरत गेलेली, त्या गल्लीत अळी आपला कोष करते.

निम्म्या अळ्या झाल्या असतील नसतील, सून दारात उभी राहिली नि तिचा चेहरा उतरला. "आई, काकी राबावर माती टाकतायत."

काकी म्हणजे माझी धाकटी चुलत जाऊ. तिची राबाची जागा आमच्या शेडला लागून, मध्ये फक्त कुंपण. तुम्ही शहरातली माणसं विसरलात म्हणून सांगते, भाताचं रोप टाकायच्या जागेवर आपण शेण, टहाळ, पालापाचोळा, गवत असे थर रचतो, वरून बारीक माती टाकतो आणि पेटवतो. हळूहळू भाजायचं असतं ते, ज्वाळा कमी नि धूर जास्त. माती पडली म्हणजे काडी ओढायचंच बाकी. आणि वारा तिकडून आमच्या शेडकडे.

मी पदर खोचला नि गेले.

"आज भाजू नको गो."

"का? राबाला मुहूर्त लागतो काय आता?"

"अळ्या कोष करायला बसल्यात."

"बसू दे की. मी काय त्यांना उठवायला येते?"

"धूर सोसत नाय त्यांना."

"आक्का, तुझा नि माझा जन्म चुलीपुढं गेला. आपण मेलो काय धुरानं?" आणि तिने माळशेजच्या अंगाला बोट दाखवलं. "ते बघ वर. कसं भरून आलंय. अवकाळी आला नि राब भिजला तर तो भाजेल काय नीट? रोप नाय झालं तर लावणीला काय तुझ्या अळ्या लावू?"

तिचंही खोटं नव्हतं. टहाळ तिने एकटीने डोक्यावरून आणलेला, महिनाभर. म्हटलं, "चल, निदान बघून तरी घे कोणासाठी भांडतेस ते."

"बघते ना. एवढे नखरे कोणाचे ते बघितलेच पायजेत."

दारातच सुनेने तिला अडवलं. "काकी, हात धुवून या. साबणानं."

"का? मी काय घाण काढून आले?"

"तुमची मिसरी. तंबाखू चालत नाय त्यांना."

"घ्या! आता माझी मिसरी पण नडली." पण धुतले हात. चूळ पण भरली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी.

आत आली आणि चंद्रिकेवर वाकली. एका अळीने नुकतंच सुरू केलेलं. ओठ पट्टीला टेकवायची, चिकटवायची, की मान मागे. परत टेकवायची, परत मान मागे. नंतर नंतर तर ती मान अशी फिरते, आडवा इंग्रजी आठ काढावा तशी, न थकता.

"कळलं," जाऊ म्हणाली. "सोऱ्यातून शेव पाडतो तसं. मागनं दाबायचं नि पुढनं काढायचं."

"नाय काकी, मागनं दाबायला कोण हाय? ती चिकटवते नि मान मागे नेऊन ओढते. ओढल्यावर ते बाहेर येतं."

"पाण्यासारखी वस्तू ओढता येते होय?"

"येते."

"कायतरीच!"

तेवढ्यात आमचे म्हातारे पाल्याची रिकामी टोपली घेऊन मागच्या पावलांनी आत आले आणि खाली पडलेल्या एका अळीवर त्यांची टाच पडली. आम्ही तिघी एकदम ओरडलो. ते बिचारे एक पाय वर धरून उभेच राहिले, खाली ठेवू की नको. सुनेच्या डोळ्यांत पाणी. जावेने मात्र ती अळी उचलून तळहातावर घेतली. मेलीच होती. आणि तिने काय करावं? कोळंबीचा काळा दोरा काढतो ना आपण, तशी नखाने अळी पाठीवरून उकलली.

आत दोन्ही अंगांना त्या नळ्या. सुनेने जमिनीवर काढलेल्या तशाच! जाड, वळलेल्या, काचेसारख्या, किंचित पिवळट. जावेने एक फुटलेली नळी चिमटीत धरली. चिकचिक लागली. मग तिने जे केलं ते तिच्या हातांनी आपसूक केलं असेल. अंगठा नि पहिलं बोट मिटलं आणि हळूच उघडलं.

तार आली.

ही माझी जाऊ कोण, तर सगळ्या वाडीत लग्नकार्याच्या लाडवांचा पाक हिच्याकडे. डोळे मिटून तार ओळखणारी बाई. ती त्या बोटांकडे बघतच राहिली.

"आक्का, एकतारी गो!" ती पुटपुटली. मग आणखी ओढली. पाकाची तार कधीतरी तुटते. ही तुटेना. वीतभर झाली, सगळा हात लांब केला तरी अखंड, आणि बोटांमधून निघता निघता सुकून ताठ. तिने दाताने तोडायला बघितली. तुटली नाही.

"गळाला लावायला झकास!" म्हातारे एका पायावर उभ्याउभ्या म्हणाले. त्यांना नदीवरचा मासा आठवला असणार.

"तुम्ही पाय खाली ठेवा आधी," मी म्हटलं, "बघून."

मग सुनेने सांगितलं आणि या खेपेला मला पण कळलं, कारण समोर बोटांत होतं. कोठीत असतं तेव्हा त्यात पाणी पुष्कळ, म्हणून ते घट्ट होत नाही. पुढे पुढे सरकताना नळी त्यातलं पाणी काढून घेत जाते. जरा आंबटपणा चढतो. आणि त्या अरुंद वाटेने जाताना आतले बारीक बारीक धागे, जे कोठीत कसेही पडलेले असतात, ते एका दिशेला लागायला लागतात, जसा विस्कटलेला पेंढा भारे बांधायची वेठ वळताना सरळ होत जातो. तोंडाशी आल्यावर अळी मानेने ओढते, ते पुरे एका ओळीत येतात, आणि पाक होता त्याचं सूत होतं. मागनं ढकललं तर नुसता गोळा येईल. ओढण्यातच सगळी कमाल आहे.

जावेने ती तार बोटाला गुंडाळली.

"किती वेळ ओढते ही?"

"दोन-तीन दिवस. जरा थांबते, परत ओढते."

"आणि मध्येच धूर लागला तर?"

"मान आत घेते, काकी. ओढणं बंद. धागा तुटतो, कोष कच्चा राहतो. काही तर उरलेलं रेशीम पोटात घेऊनच मरतात."

जावेने बोटांवरचं ते सूत पदराला पुसलं. परत एकदा चंद्रिकेवर वाकली. अळीने आता आपल्याभोवती जाळी धरली होती, आतून तिची मान हलताना दिसत होती.

"पाक तारेवर आला की मी माझ्या सासूला पण स्वयंपाकघरात येऊ देत नव्हते," ती म्हणाली. "एकदा चुलीतला धूर फिरला आणि माझं लक्ष गेलं, तर अख्खी परात गोळा झाली होती. ही बिचारी तर पोटात पाक घेऊन बसलीय." मग सुनेकडे वळली. "थांबते मी. पण राब भिजला तर?"

"माझ्याकडे ताडपत्री हाय," सून पटकन म्हणाली, "पाल्याची."

"एका ताडपत्रीनं काय होतंय?"

"बैलांच्या पेंढ्यावरची पण घे," म्हातारे म्हणाले.

"आणि ते काय हाय?" जावेने कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथे तुतीच्या सोललेल्या काड्यांचा ढीग होता आणि पोत्यांमधून भरलेल्या अळ्यांच्या लेंड्या, काळ्या, मोहरीएवढ्या.

"त्यांची घाण. खत होतं चांगलं."

"ती मला पायजे राबावर. काड्या पण. थांबायचं तर फुकट कशाला थांबू?"

सून इतकी हसली की तिला भिंत धरावी लागली. कितीतरी दिवसांनी हसली.

मग काय विचारतेस! निम्मे अळ्या वेचायला, निम्मे ताडपत्री ओढायला. जाऊ राबावर उभी राहून हुकूम सोडतेय, "त्या अंगाला दगड ठेवा! अहो भावोजी, दगड म्हटलं, खडा नाय!" दुपारनंतर वारा उठला, चार थेंब पडले, ताडपत्रीवर ताड ताड वाजले आणि ढग डोंगरापलीकडे गेले. तोवर शेडमधल्या चंद्रिका भरत आल्या होत्या. जाऊ दिवसातून दहादा यायची. हात धुऊन यायची हो, कोणी न सांगता. "माझीनं किती केलं?" विचारायची. एक अळी तिने आपली म्हणून धरली होती, पण एका रात्रीत सगळे कोष सारखे दिसायला लागले आणि तिची कुठली ते तिला सापडेना. शेवटी सगळ्यात टपोरा कोष आपल्या अळीनेच केला असं ठरवून मोकळी झाली.

कोष उतरवायच्या दिवशी सुनेने पहिला कोष कानाशी धरून हलवला. आत कट कट वाजलं. टणक, पांढराशुभ्र, दाबला तर दबत नाही. दुसरा हलवला. तिसरा. मग ती तिथेच जमिनीवर बसली नि मला म्हणाली, "आई, ऐका ना, ऐका," आणि माझ्या कानाशी कोष धरला. त्या आतल्या जिवाचं पुढे उकळत्या पाण्यात काय होतं ते मला माहीत आहे, मला ते अजून पुरतं गोड लागत नाही, आणि साडी नेसताना तूही एकदा मनात आण. पण त्या घटकेला मी तिचं तोंड बघत होते. माझ्या घरात आल्यापासून इतकं उजळलेलं तोंड मी बघितलं नव्हतं.

कोष विक्रीला घराबाहेर पडले, शेड रिकामी झाली, त्याच दुपारी राब पेटला. वरती तुतीच्या काड्यांचा आणि लेंड्यांचा चांगला हातभर थर. जाऊ म्हणाली, "काडी सूनबाई लावेल." सुनेने वारा बघितला, खालच्या अंगाने पेटवला, आणि जो धूर सुटला म्हणतेस! शेड दिसेना, कुंपण दिसेना, म्हाताऱ्यांनी तिथेच बसून बिडी पेटवली, म्हणाले आता ओढ्यापलीकडे कोण जातो. सून डोळे चोळत धुराच्या बाहेर आली, फोन काढला आणि कंपनीत कळवून टाकलं, माझी जागा दुसरीला द्या. बोलता बोलता ठसका लागला तिला. पलीकडच्या बाईला वाटलं रडतेय, ती समजूत काढायला लागली!

आता त्या राबातलं रोप बघ, काळंभोर हिरवं उठलंय. जाऊ येणाऱ्या जाणाऱ्याला बांधावर नेऊन दाखवते, आणि श्रेय अळ्यांना देत नाही, स्वतःच्या थांबण्याला देते. देऊ दे. सुनेने तुतीची छाटणी केलीय, नवा पाला फुटलाय, पुढच्या अळ्या सांगून ठेवल्यात.

तेव्हा या वेळी गाडी चालू ठेवून येऊ नकोस. नवऱ्यालाही आण, हॉर्न घरी ठेवून ये म्हणावं. मुरबाडहून माळशेजकडची एसटी धर, टोकावड्याच्या अलीकडे आमच्या फाट्याला उतर, म्हातारे न्यायला येतील. दोन दिवसांचे कपडे आण, जुने, पाला तोडायला न्यायचंय तुला. तू कधी येणार म्हणून सूनबाई रोज विचारते, मी तरी तिला काय सांगू? लवकर ये गो.